जंगलातला रस्ता रुंद होतोय: इस्टिमेट बनण्याआधी ग्रामसभेने काय मागावं

प्रश्न गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रामसभेचा आहे. गाव नागझिरा आणि नवेगाव या वाघांच्या जंगलांच्या मधल्या पट्ट्यात. तालुक्याला जाणारा पावणेचार मीटरचा डांबरी रस्ता, त्यातला चारेक किलोमीटर जंगलातून. तो आता सात मीटरचा होणार आहे. सोबत विजेची 11 केव्हीची नवी लाइन येणार आणि पलीकडच्या धानाच्या बांध्यांना पाणी देणाऱ्या कालव्याचं अस्तरीकरण होणार. गावाला रस्ता हवाच आहे, पण जंगलातल्या जनावरांचं काय होईल आणि नेमकं काय मागायचं, असं ग्रामसभेने विचारलं आहे.

रस्त्याची मागणी रास्त आहे. पावसाळ्यात साप चावलेल्या माणसाला दवाखान्यापर्यंत न्यायचं तर चांगला रस्ता लागतो. त्यामुळे रस्ता हवा की नको, यात मी शिरत नाही. पण एक गोष्ट पक्की धरून चला: जे इस्टिमेटमध्ये नाही, ते जागेवर कधीच येत नाही. गिट्टी पडली, रोलर फिरायला लागला की ठेकेदार म्हणतो "मला जे दिलं तेच करतो", आणि शाखा अभियंताही तेच म्हणतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. म्हणून खाली जे सांगतो आहे ते सर्व्हे आणि अंदाजपत्रकाच्या टप्प्यावर लेखी गेलं पाहिजे.

आधी रुंदीचं बघू. पावणेचार मीटरवर समोरून गाडी आली की एकाला साइडपट्टीवर उतरावं लागतं, म्हणून वेग आपोआप चाळिसाच्या आसपास राहतो. सात मीटर झाला की ही अडचण जाते आणि वेग सत्तर-ऐंशीला पोचतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गाडी सुरक्षित थांबायला 40 च्या वेगाला 45 मीटर, 60 ला 80 मीटर आणि 80 ला 120 मीटर अंतर लागतं. डिपरवरच्या हेडलाइटचा उजेड कामाचा असतो तो साधारण 40-50 मीटरपर्यंत. म्हणजे ऐंशीने जाणाऱ्याला सांबर दिसतं तेव्हा ब्रेक मारून काही होत नाही. त्यातही सांबर-चितळ उजेडात सापडलं की पळत नाही, थबकतं. आणि मादी निघून गेली म्हणून गाडीवाल्याने पुन्हा वेग घेतला की मागून पिल्लू येतं. तुमच्याच पट्ट्यात, गोंदिया–कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात ऑगस्ट 2023 मध्ये कारच्या धडकेने एक तरुण वाघ गेला. दुसरीकडे चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात नोव्हेंबर 2018 मध्ये रेल्वेखाली वाघाची तीन पिल्लं एकाच वेळी गेली. वाघाची बातमी होते. मुंगूस, उदमांजर, घोरपड, सायाळ, पहिल्या पावसात रस्त्यावर येणारे बेडूक आणि रात्री उबेला येणारे साप यांची कुणी मोजदादही करत नाही.

म्हणून पहिली मागणी: जंगलातल्या चार किलोमीटरमध्ये डांबर साडेपाच मीटरच ठेवा. हा प्रकार मानकात बसतो, त्याला इंटरमिजिएट लेन म्हणतात. एसटी आणि ट्रक समोरासमोर आले तरी वेग कमी करून निघतात, आणि वेग कमी होणं हेच तर हवं आहे. दीड मीटर कमी घेतल्याने साइडपट्टी आणि नालीसकट तोडावी लागणारी झाडंही कमी होतात.

झाडांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. अरुंद रस्त्यावर दोन्हीकडच्या झाडांचे शेंडे वर एकमेकांना भिडलेले असतात. वानरं, आणि जिथे आहेत तिथे शेकरू, वरच्या वर पलीकडे जातात. उडत्या खारीला तर या बाजूला उंच झाड आणि त्या बाजूला उतरायला खोड, दोन्ही लागतं. रुंदीकरणात हीच जुनी, रस्त्याकडेची झाडं आधी जातात. तेव्हा तोडायच्या झाडांच्या मार्किंगच्या वेळी बीट गार्डसोबत (वनरक्षकासोबत) स्वतः चाला आणि दर किलोमीटरला तीन-चार ठिकाणी तरी भिडलेल्या शेंड्यांची जोडी राखून ठेवा. येन, मोह, अर्जुन, बेहडा, जे असेल ते. यादीवर हातोडा पडण्याआधीच हे होऊ शकतं. दोरीचे पूल नंतर बांधता येतात, तामिळनाडूत अनामलाईच्या डोंगरात सिंहपुच्छ वानरांसाठी ते बांधलेही आहेत, पण राखलेली फांदी फुकटची असते आणि तिला देखभालही लागत नाही.

आता एक फसवी गोष्ट. रस्ता नवा असतो तेव्हा दोन-तीन वर्षं जनावरं बरीच मरतात. मग वाहतूक वाढते आणि मेलेली जनावरं कमी दिसायला लागतात. लोक म्हणतात, जनावरं शिकली. काही शिकतातही. पण बरेचदा रस्त्याच्या आवाज-उजेडामुळे ती जवळ यायचीच बंद झालेली असतात. तासाला तीस गाड्या म्हणजे दर दोन मिनिटांना एक. बुजऱ्या प्राण्याला ओलांडायला मोकळा वेळच उरत नाही. आफ्रिकेत काँगोच्या खोऱ्यात, माग काढता यावा म्हणून गळ्यात रेडिओ कॉलर लावलेले जंगली हत्ती अभ्यासले गेले तेव्हा संरक्षित जंगलाबाहेरचा रस्ता ओलांडणारा एकच हत्ती सापडला, आणि तोही नेहमीच्या चौदा पट वेगाने पलीकडे गेला. नागझिऱ्याची वाघीण नवेगावला जाऊ शकली नाही तर त्याचा मृतदेह कुठेच पडत नाही, पण पुढच्या पिढ्यांमध्ये नातं बंद होतं. 2019 मध्ये कॉलर लावलेला एक तरुण वाघ यवतमाळच्या टिपेश्वरहून निघून, शेतं, रस्ते, नाले ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेराशे किलोमीटरहून जास्त चालून. असा रस्ता काढणारे थोडे असतात. सगळ्यांना जमेल अशा वाटा आपण ठेवायच्या आहेत.

त्या वाटा कुठे आहेत हे इंजिनियरला माहीत नसतं, तुम्हाला असतं. पण "इकडून जनावरं जातात" एवढं सांगून चालत नाही, कागद लागतो. एक साधी पद्धत सांगतो. रस्त्याला जिथे जिथे नाला, पांदण किंवा ढोरवाट छेदते, तिथे कडेला साइडपट्टीवर पाच मीटर लांब, दीड मीटर रुंद असा बारीक चाळलेल्या मातीचा पट्टा करा. माती दोन बोटं जाड पुरे. जास्त जाड झाली की खूण पसरते. संध्याकाळी झाडूने सपाट करायचा, पहाटे उजाडताच बघायचा. वहीत चारच रकाने: तारीख, किलोमीटर दगड आणि त्यापुढचे मीटर, प्राणी, जाण्याची दिशा. शेजारी काडेपेटी ठेवून मोबाइलवर फोटो, लोकेशन चालू ठेवून. नोव्हेंबरपासून मेपर्यंत महिन्यातले पाच-सहा दिवस केलं तरी चित्र उभं राहतं. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळायला लागला की अस्वलं, आणि एप्रिल-मेमध्ये पाण्याकडे जाणारे कळप, यांच्या जागा हिवाळ्यापेक्षा वेगळ्या निघतात. म्हणून एका महिन्याच्या सर्व्हेवर विसंबू नका. मेलेल्या जनावरांची नोंद करायची तर सूर्य उगवायच्या आत फिरा. कावळे, कोल्हे, गावकुत्री तासाभरात लहान जनावरं उचलून नेतात आणि आठ वाजता फिरणाऱ्याला रस्ता स्वच्छ दिसतो. मेलेल्या जनावराला हात लावू नका, फोटो काढा आणि बीट गार्डला कळवा.

ही वही हातात असली की मोऱ्यांकडे वळा. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो. आपल्याकडे जनावरं नाल्याच्या काठाने चालतात: सावली, पाणी, आडोसा सगळं तिथे असतं. आणि रस्ता नाला ओलांडतो तिथे बसवलेल्या असतात एक मीटर व्यासाच्या सिमेंटच्या दोन नळ्या. पावसाळ्यात त्या पाण्याने भरलेल्या, उन्हाळ्यात गाळ-पाचोळ्याने अर्ध्या बुजलेल्या. सायाळ, उदमांजर कधी जातील. सांबर-रोही (नीलगाय) जाणार नाहीत. मग ती वर चढून डांबरावरून जातात.

जनावराला पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. त्याचा साधा हिशेब आहे: मोरीची रुंदी गुणिले उंची, भागिले जनावराला चालावं लागणारं अंतर. दोन लेनच्या रस्त्याखाली हे अंतर साधारण 12 मीटर. एक मीटरच्या नळीचं तोंड गोल असतं, म्हणून तिथे हा आकडा 0.07 च्या आतच येतो. चार मीटर रुंद, तीन मीटर उंच बॉक्स मोरीत येतो 1. दहा मीटर गाळ्याच्या (म्हणजे खालची मोकळी रुंदी दहा मीटर), चार मीटर उंच स्लॅबच्या पुलाखाली 3.3. खुरवाल्या मोठ्या जनावरांसाठी मी 1 च्या खाली काहीच मान्य करत नाही, आणि जिथे वहीत सांबर, गवा, वाघ नोंदलेला आहे तिथे पूलच मागतो. लक्षात घ्या, तीच चार बाय तीनची मोरी पुढे चौपदरी झाली तर अंतर 30 मीटर होतं आणि आकडा 0.4 वर घसरतो. म्हणून आज बांधताना उद्याची रुंदी विचारा.

मोरीच्या ड्रॉइंगमध्ये आणखी तीन गोष्टी बघायच्या. पहिली, पाणी वाहत असतानाही दोन्ही बाजूंना किमान एकेक मीटर कोरडी कड राहिली पाहिजे. म्हणजे गाळा नाल्याच्या पात्रापेक्षा दोन मीटर तरी मोठा हवा. दुसरी, तळ. आत गुळगुळीत काँक्रीट आणि खालच्या बाजूला दोन-तीन पावसाळ्यांत पाण्याने खोदलेला दीड-दोन फुटांचा खड्डा, हे सगळीकडे दिसतं. कासव, खवल्या मांजर, नाल्यातले मासे, कुणीही तो टप्पा चढू शकत नाही. तळ नाल्याच्या पातळीपेक्षा थोडा खाली धरून त्यावर मूळची रेती-गोटे राहू द्यायचे, आणि खालच्या तोंडाशी मोठे दगड उताराने लावायचे. तिसरी, तोंडाशी येणाऱ्या पंखभिंती नुसत्या मातीला अडवणाऱ्या नकोत; त्यांच्यापुढे काही मीटर झुडपं राखली की जनावर मोरीकडे आपोआप वळतं. नाहीतर चांगली मोरी खाली आणि जनावर वरून, असंच होतं.

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. नागपूर–सिवनी महामार्ग 44 पेंचच्या जंगलातून चौपदरी झाला तेव्हा महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी भुयारी मार्ग आणि लहान पूल मिळून नऊ, 50 मीटरपासून 750 मीटरपर्यंत लांबीचे, बांधले गेले. भारतीय वन्यजीव संस्थेने मार्च ते डिसेंबर 2019 मध्ये त्यांच्याखाली कॅमेरे लावले. 18 प्रकारच्या वन्यप्राण्यांनी त्यांचा वापर केलेला दिसला आणि 11 वेगवेगळे वाघ मिळून 89 वेळा खालून गेले. ही बांधकामं न्यायालयापर्यंत गेलेल्या लांब लढ्यानंतर झाली. तुमच्या दोन लेनच्या रस्त्याला 750 मीटरचा पूल कुणी देणार नाही, आणि लागतही नाही. चार किलोमीटरमध्ये वहीने दाखवलेल्या दोन-तीन नाल्यांवर नळ्यांऐवजी स्लॅबचे गाळे मिळाले तरी खूप मिळालं.

एक सावधगिरी गावासाठी. अशा पुलाखाली सावली असते, म्हणून दुपारी गुराखी बसतात, ट्रॅक्टर उभे राहतात, रात्री दारूची बैठक होते. चारदोन दिवस माणसाचा वास आणि उजेड राहिला तरी बुजरं जनावर वाट बदलतं. संध्याकाळी पाचनंतर तिथे कुणी थांबायचं नाही, असा ठराव ग्रामसभेनेच करावा. तो फॉरेस्टवाल्यांच्या बोर्डापेक्षा जास्त पाळला जातो. आणि ऑक्टोबर 2021 पासून छत्तीसगडमधून आलेले हत्ती गडचिरोलीत वावरत आहेत, तो कळप गोंदियाच्या बाजूलाही फिरकलेला आहे. हत्तीसाठी सहा ते आठ मीटर उंची लागते. एखाद्या नाल्यावर रस्त्याची पातळी आधीच उंच असेल तर तिथे ही उंची मिळवता येते का, ते विचारून ठेवा.

वेगासाठी नुसता "वन्यजीव क्षेत्र, वाहने सावकाश चालवा" हा बोर्ड उपयोगाचा नाही. गतिरोधक लागतात, तेही मानकाप्रमाणे: 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, गोलाई असलेले. गावोगावी दिसणारे फूटभर रुंदीचे डांबराचे उंचवटे दुचाकीवाल्याची कंबर मोडतात, म्हणून लोकच ते फोडतात. वहीतल्या प्रत्येक ओलांडण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना साधारण शंभर मीटरवर एकेक, त्याआधी पांढरे पट्टे आणि चमकणारा फलक. दर किलोमीटरला समान अंतरावर टाकलेले गतिरोधक कमी कामाचे. जनावर किलोमीटर दगड बघून ओलांडत नाही.

साइडपट्टीचं गवत हा नाजूक विषय आहे. वाढलेली रायमुनिया आणि रानतुळस वळणावर जनावर झाकते, म्हणून तीन-चार मीटरपर्यंत साफ हवीच. पण चुकीच्या वेळी कापलं किंवा जाळलं तर हिरवे कोंब फुटतात आणि चितळांचा कळप रोज संध्याकाळी रस्त्याच्या कडेलाच चरायला येतो. पाऊस संपून गवत वाळायला लागलं की, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापा, आणि कापलेलं तिथेच जाळू नका. रायमुनिया मुळासकट उपटा. नुसती छाटली तर दुप्पट येते. रस्त्याच्या कामासाठी मुरूम खोदला की खड्डे कडेलाच सोडून देतात, त्यात पाणी साचतं आणि उन्हाळ्यात जनावरं तिथे येतात. मुरूम जंगलाबाहेरून आणायचा आणि खड्डा बुजवायचा, हे टेंडरच्या अटीत घालून घ्या. धानाच्या हंगामात राइस मिलकडे जाणाऱ्या ट्रकमधून सांडलेलं धान, आणि प्रवाशांनी वानरांना टाकलेली बिस्किटं, या दोन गोष्टी जनावरांना डांबरावर खिळवून ठेवतात. ताडपत्री नीट बांधायला लावणं आणि खाऊ टाकणाऱ्याला तिथल्या तिथे टोकणं गावाला जमण्यासारखं आहे.

आता 11 केव्हीची लाइन. ती जंगलातून वेगळा पट्टा पाडून नेऊ देऊ नका. रस्त्याच्या कडेनेच, रस्त्याच्याच मोकळ्या जागेतून जाऊ द्या. उघड्या तारांऐवजी एबी केबल, म्हणजे आवरण असलेल्या तारांची एकत्र पिळलेली केबल, मागा. कारणं दोन. उन्हाळ्यात तारा तापून झोळ पडतो आणि हत्ती सोंड वर करतो तेव्हा अंतर उरत नाही. दुसरं कारण जास्त मोठं: उघड्या तारेवर आकडा टाकून जीआय तार खुंट्यांवर पसरली जाते, कुणी शिकारीसाठी, कुणी रानडुकरांपासून धान वाचवायला. त्यात एप्रिल 2017 मध्ये नागभीड भागात कॉलर लावलेला श्रीनिवास नावाचा वाघ मेला, आणि अशा तारांना चिकटून माणसंही मरतात. रात्री अकरा ते पहाटे चारच्या दरम्यान एखादा फीडर (उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी) वारंवार ट्रिप होत असेल तर कुठेतरी तार जमिनीला किंवा अंगाला लागते आहे, हा संशय धरावा. उपकेंद्राच्या लॉगबुकात त्या वेळा असतात. लाइनमन आणि बीट गार्डने ते लॉगबुक आठवड्यातून एकदा एकत्र बघितलं आणि त्या फीडरवर पायी गस्त घातली, तर बरंच थांबतं. शेतकऱ्याला पर्याय हवा म्हणून सौर कुंपण आहे. त्याचा एनर्जायझर क्षणभराचे झटके देतो, जनावर पळतं, मरत नाही. सौर कुंपणाच्या तारेलाच मेन लाइन जोडली तर मात्र ती मरणाची तार होते.

कालव्याचं अस्तरीकरण बहुतेक जण धोक्याचं मानतच नाहीत. मातीच्या कालव्यातून रोही सहज चढून येते. काँक्रीटच्या दीडास एक उतारावर (दीड मीटर आडवं गेलं की एक मीटर उभा) शेवाळ धरलं की खूर घसरतात. जनावर प्रवाहासोबत पोहत राहतं, थकतं आणि सायफनच्या (कालवा नाल्याखालून नेणाऱ्या भुयाराच्या) किंवा गेटच्या जाळीशी बुडून मरतं. तेव्हा जंगलाच्या भागात दोन्ही काठांना तीनास एक किंवा त्याहून सौम्य, खडबडीत उतारवाटा मागा, आडव्या दगडी पट्ट्या बसवलेल्या. त्यातली एक प्रत्येक सायफनच्या आणि जलसेतूच्या (नाल्यावरून कालवा नेणाऱ्या पुलाच्या) तोंडाच्या वरच्या बाजूला असलीच पाहिजे, कारण जनावर वाहत तिथेच येतं. पाण्यावर तिरका दोर, त्याला तरंगणारे पिंप बांधून उतारवाटेच्या दिशेने लावला की जनावर तिकडे ढकललं जातं. कालव्यावरचे बैलबंडीचे पूल जनावरंही वापरतात. त्यांच्यावर दोन्ही कडांना माती टाकून गवत लावलं आणि कठडे बंदिस्त केले, तर रात्री त्यांचा उपयोग होतो.

रस्त्यामागून जे येतं ते रस्त्यापेक्षा मोठं असतं. अ‍ॅमेझॉनच्या ब्राझीलमधल्या जंगलात जवळपास 95 टक्के जंगलतोड रस्त्यांपासून साडेपाच किलोमीटरच्या किंवा नद्यांपासून एक किलोमीटरच्या आत झालेली आढळली. आपल्याकडे तेवढी तोड होत नाही, पण रेतीचे ट्रॅक्टर, रस्त्याकडेच्या ढाब्याची झोपडी, प्लॉटची पाटी, नवीन अतिक्रमण, हा क्रम तोच. झुडपी जंगलाची जमीन यात सगळ्यात आधी जाते, कारण ती पडीक समजली जाते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये झुडपी जंगल हे वनच आहे असं स्पष्ट केलं आहे. सातबाऱ्यावर झुडपी जंगल लिहिलेले गट रस्त्यालगत कुठे कुठे आहेत, याची यादी आजच तलाठ्याकडून काढून ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) प्रमाणे गावाच्या रस्त्यासाठी प्रत्येक प्रकरणात एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. सहा मीटर जादा पट्टा लागला तर एक हेक्टर सुमारे 1,670 मीटरमध्येच संपतो. तुमचे चार किलोमीटर त्यात बसत नाहीत. तेव्हा एकाच रस्त्याचे तीन तुकडे करून तीन वेगळे ठराव मागितले तर सही करू नका. प्रस्ताव 1980 च्या वन कायद्याखाली केंद्राच्या परिवेश पोर्टलवर गेला पाहिजे. व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या जागेला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 38-ओ लागतं आणि त्यात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला व राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी येते. कॉरिडॉर कुठला ते व्याघ्र प्रकल्पाच्या संवर्धन आराखड्यात आणि प्राधिकरणाने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशांत दिलेलं आहे. आपल्या जंगलाचा कक्ष क्रमांक त्यावर शोधा आणि नकाशाची प्रत ठरावाला जोडा.

ठरावात "वन्यजीवांची काळजी घ्यावी" असं लिहू नका. त्याचं इस्टिमेट होत नाही. लिहा: किलोमीटर अमुक, मीटर अमुक इथल्या नाल्यावर दोन नळ्यांऐवजी दहा मीटर गाळ्याचा, चार मीटर उंच स्लॅबचा पूल, सोबत वहीची पानं आणि फोटो. जंगल भागात संध्याकाळी सहा ते सकाळी सहा काम बंद, मजुरांचा कॅम्प जंगलाबाहेर, जळण ठेकेदाराने पुरवायचं. प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला, उपवनसंरक्षकांना आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, पोच घेऊन.

काम झाल्यावर अंतिम बिल निघायच्या आत टेप घेऊन जा. गाळ्याची रुंदी, उंची, कोरडी कड, खालच्या तोंडाचे दगड, गतिरोधकाची रुंदी मोजा आणि पंचनाम्यावर सही करा. देखभालीचा काळ करारात किती आहे ते विचारा. ग्रामसडक योजनेत तो पाच वर्षांचा असतो. त्या काळात दर मे महिन्यात मोऱ्यांमधला गाळ ठेकेदाराने काढायचा आहे, आणि डांबराचा नवा थर टाकताना बुजलेले गतिरोधक पुन्हा त्याच जागी बांधून द्यायचे आहेत.